मलप्रभेकाठी वीस मिलिमीटर

मलप्रभा आपल्या खानापूर तालुक्यातली, कणकुंबीची. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात ती थोडी थांबते, रामदुर्गावरून बागलकोट जिल्ह्यात शिरते आणि कूडलसंगमला कृष्णेत मिसळते. या शेवटच्या टप्प्यात तिच्या आसपास बदामी, पट्टदकल आणि ऐहोळे ही चालुक्यांची तीन गावे आहेत. बेळगावहून बदामी साधारण दीडशे किलोमीटर. आपल्यापैकी बहुतेकांनी ती शाळेच्या सहलीत पाहिलेली असते, एका हातात डबा आणि दुसऱ्या हाताने माकडांना हुसकावत.

माझे या गावांशी नाते जरा वेगळे आहे. सासूबाईंचे माहेर ऐहोळे. आमच्या घरी मुले माझ्याशी मराठीत आणि आईशी कन्नडमध्ये बोलतात, आणि भांडण जुंपले की दोन्ही भाषा एकाच वाक्यात येतात. गेल्या डिसेंबरात सासूबाईंनी एक काम सांगितले. त्यांच्या माहेरच्या घराला लागूनच एक जुने देऊळ आहे. लहानपणी त्या देवळाच्या पायरीवर अभ्यास, घराच्या कट्ट्यावर जेवण. पण घर आणि देऊळ एकत्र दिसतील असा एकही फोटो घरात नाही. एका फोटोत घर आहे, दुसऱ्यात देऊळ आहे. त्या म्हणाल्या, "मनी, गुडी, एरडू वंदराग बरबेक नोड्री." घर आणि देऊळ, दोन्ही एकातच आले पाहिजे.

मागणी साधी वाटते, पण तिच्यामागे काळजी होती. ऐहोळे गावात शंभरावर देवळे आहेत आणि घरे त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली आहेत. स्मारके मोकळी करण्यासाठी घरे दुसरीकडे हलवायची, ही चर्चा तिथे कित्येक वर्षे चालू आहे. शिवाय २०१०च्या कायद्यातील दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आले. शंभर देवळांच्या गावात शंभर मीटरचा नियम लावला की उरते काय? छपराची डागडुजी करायची तरी परवानगी. सासूबाईंचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे मामा, त्या घरात राहतात. "आज आहे, उद्याचे माहीत नाही," असे ते म्हणतात आणि विषय बदलतात.

मी फिल्मवर फोटो काढणारा माणूस. निकॉनचा एफएम-टू कॅमेरा, जो बॅटरी संपली तरी चालतो (फक्त प्रकाश मोजायचा मीटर बंद पडतो), आणि त्यावर २० मिलिमीटरची लेन्स. दोन्ही जुन्या बाजारातून घेतलेले. घरच्यांचा पहिला प्रश्न अर्थातच असा की मोबाइल असताना हे कशाला? मोबाइलमध्येही आता अशी रुंद लेन्स असते, आणि धाकट्याने तिथे फोटो काढलाही. चांगला आला होता. चौथ्या दिवशी आजीने तो मागितला, तर चार हजार फोटोंत तो सापडेना. त्यावर मी काही बोललो नाही.

२० मिलिमीटर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. पूर्वी प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर ५० मिलिमीटरची लेन्स यायची. ती आडव्या चौकटीत सुमारे ४० अंशांचा कोन पाहते. २० मिलिमीटरची लेन्स ८४ अंश पाहते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजले तर ९४. म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकून उभे राहिले तर दोन्ही बाजूच्या भिंती जवळजवळ येतात. हिला अल्ट्रा वाइड म्हणतात. आणि ही प्राइम आहे, म्हणजे झूम नाही. मोठे हवे असेल तर पुढे चाला, लहान हवे असेल तर मागे सरका.

अशी लेन्स बनवणे सोपे नव्हते. एसएलआर कॅमेऱ्यात फिल्मच्या पुढे आरसा वर-खाली होतो, त्याला जागा लागते. निकॉनमध्ये लेन्स बसते त्या कड्यापासून फिल्मपर्यंत साडेसेहेचाळीस मिलिमीटर अंतर आहे. २० मिलिमीटरच्या साध्या रचनेच्या लेन्सला फिल्मच्या फार जवळ जावे लागेल आणि आरसा तिच्यावर आपटेल. म्हणून भिंगांची रचना उलटी केली, टेलिफोटोच्या विरुद्ध. फ्रान्सच्या आंजेन्यू कंपनीने १९५० साली ३५ मिलिमीटरची अशी लेन्स आणली आणि तिला 'रेट्रोफोकस' हे नाव दिले. पुढे ते नाव अशा सगळ्याच लेन्सना चिकटले. दुसऱ्या मार्गात आरसा वर करून अडकवून ठेवायचा आणि अंदाजाने फोटो काढायचा. आज आपण डोळा लावून थेट पाहतो, ते या उलट्या रचनेमुळे.

आता प्रवास. आम्ही सकाळी सहाला निघालो. सासूबाई पुढे, मागे बायको आणि दोन मुले. रामदुर्गात चहा. एके काळचे हे भाव्यांचे संस्थान, म्हणून मराठी आडनावे तिथे अजून कानावर पडतात. चहावाल्याशी सासूबाई कन्नडमध्ये बोलल्या, त्याने उत्तर मराठीत दिले. कोणालाच त्यात काही वेगळे वाटले नाही.

बदामीची लेणी लाल वालुकाश्मात कोरलेली. तिसरे लेणे सगळ्यांत मोठे, विष्णूचे. तिथला शिलालेख शके ५००चा, म्हणजे इ. स. ५७८चा, मंगलेशाचा. या लेण्याच्या ओवरीच्या टोकांना माणसापेक्षा मोठ्या मूर्ती आहेत: शेषावर बसलेला विष्णू, नरसिंह, त्रिविक्रम. ओवरी लांब पण अरुंद. मूर्तीसमोर उभे राहिले की मागे लगेच खांब येतो. साध्या लेन्सने मूर्तीचे मुकुट किंवा पाय, दोन्हींपैकी एक निवडावे लागते. २० मिलिमीटरने मूर्ती पूर्ण येते, वरचे छत येते, बाहेरचा उजेडही येतो.

पण इथेच बहुतेक लोक या लेन्सला कंटाळतात. 'सगळे मावते' म्हणून ती घेतात, लांब उभे राहून डोंगर, तळे, लेणी, बायको, मुले सगळे एका चौकटीत कोंबतात आणि घरी येऊन पाहतात तर डोंगर टेकडीएवढा, बायको काडीएवढी आणि अर्धा फोटो रिकाम्या जमिनीचा. माझ्या मते ही लेन्स लांबून सगळे मावण्यासाठी नाहीच. ती जवळ जाण्यासाठी आहे. इतके जवळ, की समोरची वस्तू मोठी होते आणि तिच्यामागे तिचे सगळे घरदार दिसते. माझी लेन्स पाव मीटरवरही फोकस होते, म्हणजे वीतभरापेक्षा थोडे जास्त. त्रिविक्रमाच्या वर उचललेल्या पायाखाली मी गुडघ्यावर बसलो तेव्हा तो पाय खरोखर आकाश मोजायला निघाल्यासारखा दिसू लागला.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. कॅमेरा वर किंवा खाली कलला की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात आणि खांब पडायला आल्यासारखे दिसतात. साध्या लेन्सलाही हे होते, पण इथे दसपट जाणवते. म्हणून कॅमेरा ओळंब्यात धरायचा आणि उंची बदलायची असेल तर आपण स्वतः उठायचे किंवा बसायचे. बदामीत मी इतक्या उठाबशा काढल्या की धाकट्याने विचारले, "बाबा, कोणी शिक्षा केली?"

तिपाई लावायला पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते, ती मी काढली नव्हती. पण रुंद लेन्सचा एक फायदा असा की हात थोडा हलला तरी फोटो फार हलत नाही. खांबाला खांदा टेकवून, श्वास रोखून १/१५ सेकंदाला सहज काढता येतो. फिल्म इलफर्डची एचपी-फाइव्ह, ४०० स्पीडची. कृष्णधवल. एके काळी आपली स्वतःची 'इंदू' फिल्म मिळायची, ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची. तो कारखाना बंद पडला. आता परदेशी रोल आणि त्याची किंमत. म्हणून छत्तीस फोटो म्हणजे छत्तीसच, वाण्याच्या हिशोबाने काढायचे. बदामीत नऊ खर्चले.

पट्टदकलला आम्ही तासभरच थांबलो. १९८७ साली ते जागतिक वारसा यादीत गेले. विरूपाक्षाचे देऊळ लोकमहादेवी राणीने पतीच्या, दुसऱ्या विक्रमादित्याच्या, कांचीवरील विजयाप्रीत्यर्थ बांधले, आणि वेरूळच्या कैलासाला ते नमुन्यादाखल होते असे अभ्यासक मानतात. हिरवळ, फुलझाडे, फिरायला वाटा, सगळे नीटनेटके. मागे मलप्रभा. हीच नदी २०१९च्या ऑगस्टमध्ये धरणाचे पाणी सोडल्यावर या देवळांत शिरली होती. सासूबाई नदीकडे बघत म्हणाल्या, तुमच्या खानापूरचा पाऊस आमच्या अंगणात येतो. मी सहा फोटो काढले. खरे सांगायचे तर मोकळ्या हिरवळीवर या लेन्सला करण्यासारखे फार नसते. तिला अडचण लागते.

अडचण ऐहोळेत भरपूर. गावाबाहेर मेगुतीच्या टेकडीवर जैन मंदिर आहे. तिथल्या शिलालेखात रविकीर्तीने दुसऱ्या पुलकेशीची थोरवी गायली आहे, हर्षाला त्याने हरवले हेही त्यात आहे, आणि कालिदास-भारवींची नावे आहेत. शके ५५६, म्हणजे इ. स. ६३४. खाली दुर्ग देऊळ. दुर्गादेवीचे नव्हे हं, दुर्गाजवळचे, तटबंदीजवळचे म्हणून दुर्ग. त्याची पाठ हत्तीच्या पाठीसारखी गोल आहे आणि भोवती खांबांची ओवरी. तिच्यातून प्रदक्षिणा घालताना कोनाड्यांत महिषासुरमर्दिनी, वराह, हरिहर भेटतात. ओवरी इतकी अरुंद की मूर्तीसमोर जायचे तर पाठ खांबाला लागते. तिथे २० मिलिमीटर असे चालते की जणू त्या ओवरीसाठीच घडवले. मूर्ती समोर आणि तिच्या बाजूने वळत जाणारी भिंत, दोन्ही एकदम.

मला मात्र गावातली देवळे जास्त आवडतात. त्यांची नावे पाहा: गौडर गुडी, बडिगेर गुडी, अंबिगेर गुडी. गौडाचे, सुताराचे, नावाड्याचे देऊळ. लाडखान नावाचा माणूस ज्या देवळात राहत होता ते आजही लाडखान देऊळ. देव कोणता होता हे विस्मरणात गेले, शेजारी कोण राहायचे ते राहिले. गोठ्याच्या धुराने आणि शेणामातीने कोरीव काम खराब होते, हे खरे आहे. खात्याची बाजू मला समजते. पण घरे काढून भोवती कुंपण आणि हिरवळ केली की ही नावे कोणाची, हे सांगायला तिथे कोणी नसेल, हेही तितकेच खरे.

मामांच्या घरी पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. जोळद रोट्टी, एण्णेगायि, शेंगा चटणी, दही. जेवण झाल्यावर ऊन डोक्यावर होते, म्हणून थांबलो. भर उन्हात अर्धी गल्ली पांढरी आणि अर्धी काळी येते. चारनंतर घर आणि देऊळ दोन्ही सावलीत आले.

जागा अशी: समोर घराचा कट्टा आणि दार. उजव्या हाताला काटकोनात देवळाचा खांबांचा मंडप. मागे शेजाऱ्यांच्या गोठ्याची भिंत. त्या भिंतीपासून कट्टा जेमतेम बारा फूट. मुलगा म्हणाला, "बाबा, अजून मागे व्हा." मामा हसले. "हिंदक जागा इल्री!" मागे जागाच नाही. घरातल्या जुन्या फोटोंचे कोडे तिथेच सुटले. बारा फुटांवरून ५० मिलिमीटरच्या चौकटीत साडेआठ फूट रुंदी येते. तेवढ्यात दार येते आणि कट्ट्याचा तुकडा. २० मिलिमीटरमध्ये त्याच जागेवरून साडेएकवीस फूट. दार, पूर्ण कट्टा, खुंटीवरचे जू आणि उजवीकडे मंडपाचे दोन खांब व पायऱ्या.

मग माणसे. इथे वाचकांना एक उपयोगाची गोष्ट सांगतो, कारण लग्नामुंजीत हे हमखास दिसते. रुंद लेन्सच्या फोटोत कडेला उभ्या माणसाचे तोंड बाहेर ताणल्यासारखे येते, गाल सुजल्यासारखे. हा लेन्सचा दोष नाही. इतका रुंद कोन सपाट फिल्मवर उतरवायचा आणि सरळ रेषा सरळ ठेवायच्या, तर कडेचे ताणलेच जाते, नकाशात ध्रुवाकडचे देश फुगतात तसे. म्हणून आजी-आजोबांना कधी कडेला बसवू नये. कडेला खांब, झाड, भिंत असू द्यावी, दगड तक्रार करत नाही. माझी मुले शिरस्त्याप्रमाणे दोन टोकांना जाऊन उभी राहिली होती, त्यांना आत घेतले. सासूबाई आणि मामा मध्यभागी कट्ट्यावर. मामा पाय जोडून ताठ बसले, पासपोर्टच्या फोटोला बसावे तसे.

सासूबाई व्ह्यूफाइंडरमधून लहान दिसत होत्या. हा या लेन्सचा स्वभावच. मी चार पावले पुढे गेलो, की कडेचा खांब बाहेर. पुन्हा मागे, की त्या लहान. शेवटी मीच म्हणालो, "अत्ती, नीवु मुंदक बर्री." तुम्हीच पुढे या. त्या कट्ट्यावरून उतरल्या आणि अंगणात, माझ्यापासून सहाएक फुटांवर, उखळाशेजारी येऊन उभ्या राहिल्या. आणि फोटो जुळला. पुढे त्या, मागे कट्ट्यावर भाऊ आणि नातवंडे, त्यांच्यामागे दार, बाजूला देऊळ.

अ‍ॅपर्चर अकरावर, शटर १/६०, फोकस दोन मीटरवर. २० मिलिमीटरला एवढ्यावर पाऊण मीटरपासून अनंतापर्यंत सगळे स्पष्ट येते, फोकसकडे पुन्हा बघावे लागत नाही. म्हणून मी कॅमेऱ्याऐवजी माणसांकडे पाहत होतो. पाच फोटो काढले. चौथ्याच्या वेळी मामांची म्हैस गोठ्यातून ओरडली आणि ताठ बसलेले मामा मान वळवून हसले.

बेळगावात आता कृष्णधवल रोल धुऊन देणारे माझ्या माहितीतले दुकान उरलेले नाही, म्हणून ते काम न्हाणीघरात. डी-७६ डेव्हलपर, निम्मे पाणी, २० अंश तापमान, ११ मिनिटे. डिसेंबरात नळाचे पाणी जवळजवळ त्या तापमानाचेच असते. मे महिन्यात बर्फ लागतो आणि घरच्यांची बोलणीही. निगेटिव्ह दोरीवर वाळत टाकली तेव्हा खिडकीच्या उजेडात पाच छोट्या चौकटी ओळीने दिसल्या, पाचही ठिकाणी तोच उजवीकडचा खांब. चौथी निवडली आणि जुन्या एन्लार्जरवर दहा बाय बाराचे प्रिंट केले.

सासूबाईंनी ते चष्मा लावून पाहिले, मग चष्मा काढून, डोळ्यांजवळ धरून. स्वतःकडे त्यांनी पाहिलेच नाही. बोट सरळ उजव्या कोपऱ्यात, मंडपाच्या पायरीवर. तिथे दगडात चौकोन कोरलेले दिसत होते, कडेला असल्यामुळे थोडे ताणलेले. चौकाबाऱ्याचा पट. तो कोणी कोरला हे गावात कोणालाच माहीत नाही, पण मधल्या घरातली फुली त्यांची आणि थोरल्या बहिणीची, खिळ्याने काढलेली. बहीण जाऊन नऊ वर्षे झाली. मी तो फोटो काढताना तो पट पाहिलाही नव्हता.

प्रिंट दोन केली. एक आमच्या भिंतीवर, एक मामांकडे. ते त्यांनी घराच्या कागदांच्या पिशवीत ठेवले आहे, सातबारा-उताऱ्यासारखे. भिंतीवर लावायला तयार नाहीत. सासूबाईंची मात्र आता नवी तक्रार आहे. या फोटोत घर बाहेरून दिसते, आतली माजघराची खोली कुठे आहे? ती खोली मी पाहिली आहे. नऊ फूट लांब, सहा फूट रुंद, खिडकी नाही, छतात एक झरोका. दारात पाठ टेकवून उभे राहिले तर समोरची धान्याची कणगी, डावीकडचा देव्हारा आणि झरोक्यातून पडणारा उजेड एवढे येईल. शटर बहुधा १/८, तेही दुपारी बाराच्या सुमारास झरोक्यातून ऊन उतरेल तेव्हा. कॅमेरा कशावर तरी टेकवून काढावा लागेल. रोलमध्ये एकही फोटो शिल्लक नाही. नवा मागवला आहे, आणि संक्रांतीनंतर जायचे ठरले आहे.